मुकुटवाले डॅक

साठवलेल्या डिजिटल आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या यंत्राला डॅक म्हणतात. जुना डॅक बाळगणारा गृहस्थ सहसा पन्नाशी ओलांडलेला आणि कर्जातून मोकळा झालेला असतो. आपल्याला गाण्याची आवड आहे, असे तो सांगतो. घरच्यांना ते पटत नाही. किशोरी आमोणकरांचा भूप लागला, की हा गृहस्थ आलाप सोडून तानपुऱ्याची खर्जाची तार डावीकडे आहे की उजवीकडे, याचा शोध घेतो आणि बंदिश रंगात यायच्या आत केबल बदलायला उठतो.

त्याचे दैवत म्हणजे फिलिप्सची १९८५ च्या सुमाराची, १६ बिटांची टीडीए १५४१ ही चिप. तिच्या सुधारित आवृत्तीतल्या निवडक, अधिक अचूक नगांवर मुकुट छापलेला असे. ही चिप बनणे केव्हाच बंद झाले. मुकुट छापणे मात्र जोरात चालू आहे. बाजारातले बहुतेक मुकुट खोटे असतात, हे तो सर्वांना बजावतो. त्याच्याकडचा तेवढा खरा असतो.

जुन्या आवाजात 'ऊब' असते, नवा 'कोरडा' असतो, हा त्याचा सिद्धान्त. उबेचे कारण मात्र साधे आहे. ओव्हरसॅम्पलिंग करणारी, म्हणजे आकड्यांच्या मधल्या जागा भरून काढणारी, शेजारची चिप तो सोल्डर वितळवून काढून टाकतो. तसे केले, की सीडीचा आवाज १० किलोहर्ट्‌झला पाऊण डेसिबलने आणि २० किलोहर्ट्‌झला सुमारे तीन डेसिबलने उतरतो. वरचे सूर असे मवाळ होतात. त्यातला २० किलोहर्ट्‌झचा उतार त्याच्या वयाच्या कानांना कळायचा नाही, पण तो आधी त्याचेच वर्णन करतो.

तुलना तो स्वतःच करून दाखवतो आणि त्यात जुना डॅक हटकून किंचित मोठ्याने वाजत असतो. थोडा मोठा आवाज कोणालाही अधिक चांगला वाटतो. दोन्हींची पातळी सारखी करून, कोणता वाजतोय हे न सांगता ऐकवायचे ठरले, तर त्या दिवशी नेमकी वीज 'स्वच्छ' नसते.

नव्याचे भक्तही काही कमी नाहीत. सर्वांत मोठा आवाज आणि मागची खरखर यांतल्या अंतराला सीडीच्या १६ बिटांची मर्यादा सुमारे ९८ डेसिबल. चांगल्या नव्या चिपा १२० च्या पुढे जातात. हा आकडा ते अभिमानाने सांगतात, तोही छताचा पंखा गरगरत असताना. त्या घरघरीखाली हा जास्तीचा फरक गडप होतो.

जुन्याच्या खऱ्या अडचणी वेगळ्याच आहेत. त्याला बहुधा यूएसबी नसते, २४ बिटांचे ध्वनिमुद्रण पूर्णपणे पेलत नाही आणि आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतात. कंडेन्सर बदललेला, नीट राखलेला जुना डॅक सीडी ऐकायला आजही पुरेसा आहे. निव्वळ चांगल्या आवाजासाठी तो नव्याने विकत घेण्यात अर्थ नाही. ते काम आजचा नीट बनवलेला स्वस्त डॅकही करतो.