अस्वलाच्या नाकावर टिच्चून

कॅनडातल्या अल्गोन्क्विन पार्कात तंबू ठोकायचा, तर सगळा संसार अस्वलाच्या नाकाच्या मर्जीने मांडावा लागतो. १८९३ सालापासून राखलेलं हे साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं रान. त्यातलं सगळ्यात मोठं तळं ओपिओंगो. मोटरबोटवाला आम्हांला सामानासकट लांबच्या काठावर उतरवून गेला आणि मग आमच्यात नि अस्वलांत उरला तो फक्त शिष्टाचार.

नियम साधा आहे. ज्याला वास येतो ते तंबूत ठेवायचं नाही. साबण, टूथपेस्टसुद्धा. सगळं पिशवीत भरून जमिनीपासून चार मीटर उंच, खोडापासून दूर टांगायचं. इथल्या लोकांचं बरं असतं. ओट्स नि सुका पास्ता, अस्वलालाही कीव यावी असा शिधा. आमच्याकडे लसणाची चटणी, मेतकूट, हिंगाची डबी आणि लोणचं. आतल्या रानात काचेच्या बाटल्यांना बंदी, म्हणून लोणचं प्लास्टिकच्या डब्यात भरलं, तर त्याने वाटेतच अहोंच्या स्लीपिंग बॅगेशी सोयरीक जुळवली. नियमाप्रमाणे अहोंनाही झाडालाच टांगायला हवं होतं.

अहो दोरीला दगड बांधून फांदीवर फेकत होते. दगड पडायचा तळ्यात, दोरी यायची गळ्यात. शेवटी साताऱ्याहून आलेल्या सासूबाई उठल्या.

"सर बाजूला. शिंकाळंच ना ते? आमच्याकडे मांजरासाठी असायचं. तुमचं मांजर जरा थोराड, एवढंच."

पिशवी वर गेली. मग त्यांनी संडासाची चौकशी केली. झाडांमागे झाकणाची एक लाकडी पेटी होती. भिंती नाहीत, दार नाही, मग कडीचं काय घेऊन बसलात!

"आडोसा?"

"आई, इथे चिटपाखरू नाही. माणूस तर नाहीच."

"माणसाचं कोण म्हणतंय?"

मध्यरात्री लून पक्ष्याने तळ्यावरून असा काही गळा काढला, की वाटावं कुणाच्या तरी घरी वाईट बातमी आली असावी. इथे त्याचं कौतुक इतकं, की डॉलरच्या नाण्यावर बसवलाय. सासूबाई दचकून उठल्या, आणि उठल्याबरोबर गुडघाही उठला. अमृतांजन हवं होतं. ते अर्थातच झाडावर.

अहो टॉर्च तोंडात धरून, डास मारत, दोरी सोडू लागले. पिशवी खाली येतेय न येतेय तोच तंबूतून आवाज आला,

"आता काढलीच आहेस, तर चिवडाही घे. आणि तुझ्या बायकोला विचार, कांदा आणलाय का?"