काका, काकू आणि झुरिकचं विमान

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. पुण्याच्या एका निवृत्त बँक अधिकारी काकांना ही सोय फार आवडली, कारण मे महिन्याच्या स्वित्झर्लंडची काळजी त्यांना दिवाळीपासूनच रीतसर सुरू करता आली. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो हे ऐकून काकू म्हणाल्या, "एवढं काय होणार आहे आपल्याला? आपण डोंगर बघायला चाललोय, चढायला नाही."

मग तिकीट. मुंबईहून झुरिकला थेट विमान साधारण ९ तासांत पोचतं. पण ते सरळ घेतलं तर बँकेतल्या नोकरीचा उपयोग काय? काकांनी कागदावर रेघा मारून दोहामार्गे, इस्तंबूलमार्गे असे पर्याय काढले. सर्वांत स्वस्त पर्यायात दोन वेगवेगळी तिकिटं होती आणि मध्ये विमानतळावर अख्खी रात्र. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असतील तर पहिलं रखडल्यावर पुढची सोय कंपनी बघते. सुटी तिकिटं काढली तर दुसरं विमान गेलं ते गेलंच, असं लेकीने समजावलं.

"बाबा, वाचलेले पैसे तिथल्या चहा-सँडविचला पुरणार नाहीत."

थेट विमान ठरलं.

जेवणाच्या रकान्यात काकांनी अभिमानाने 'हिंदू मील' निवडलं. विमानाच्या भाषेत त्याचा अर्थ गोमांस नसलेलं जेवण; कोंबडी किंवा मासळी त्यात खुशाल असू शकते. शाकाहाऱ्यांसाठी 'एशियन व्हेजिटेरियन' वेगळं असतं, आणि ते बहुतेक ठिकाणी निदान २४ तास आधी सांगावं लागतं. काकांनी ते दोनदा फोन करून सांगितलं.

खरी लढाई बॅगेची. केबिनच्या सामानात द्रवपदार्थ १०० मिलीलीटरपर्यंतच्या बाटल्यांत, म्हणून लोणचं मोठ्या बॅगेत गेलं. पॉवर बँक नेमकी उलट, ती फक्त हातातल्या बॅगेत. घरच्या तुपाला तर चीज आणि चॉकलेटच्या देशात प्रवेशच नाही. भारतातून दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. पण काकूंना सर्वांत लागलं ते सुक्या खोबऱ्याचं. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमान वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचं नाव आहे.

"चाळीस वर्षं डब्यात ठेवतेय, अजून धूर निघाला नाही," म्हणत त्यांनी वाट्या बाहेर काढल्या.

तिकिटावर छापलं होतं १२ मे, ००:५५. काकांनी टॅक्सी सांगितली १२ तारखेच्या संध्याकाळची. लेकीने १० तारखेला सहज तिकीट बघितलं आणि ओरडलीच. मध्यरात्रीनंतरचं विमान म्हणजे ११च्या दुपारीच पुणं सोडायला हवं. घाटात गाड्या अडकतात आणि विमानतळावर ३ तास आधी पोचायचं असतं. काका कॅलेंडरकडे बघत राहिले. काकूंनी तोवर दूधवाल्याला फोन लावला होता, "उद्यापासून दूध बंद. आणि हो, तो परवाचा अर्धा लिटर हिशेबात धरू नका."