गेली त गेली, भौ!

ज्या प्रेताला खांदा द्यायला चार माणसे मिळाली नाहीत, त्याचे वर्षश्राद्ध मात्र आपल्याकडे दरसाल थाटात होते. भारताची फॉर्म्युला वन शर्यत हे ते भाग्यवान प्रेत.

२७ ऑक्टोबर २०१३ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ती शेवटची झाली. तेव्हापासून दिवाळीच्या सुमारास अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टॉवर चौकात लाल टोपीवाला एखादा तरुण मोबाइलमधून मान वर काढतो आणि हळहळतो, आपल्या देशाची शर्यत गेली हो!

गेली खरी. तुम्ही कधी गेला होता?

नाही म्हणजे, तेव्हा परीक्षा होती. दिल्ली लांब पडते. तिकीट महाग होते.

महाग होतेच. २०११ च्या पहिल्या शर्यतीचे तिकीट अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होते. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ३,३०० रुपये. म्हणजे भारीतल्या एका खुर्चीसाठी वऱ्हाडातल्या माणसाने दहा क्विंटलांहून जास्त कापूस विकायचा. तोही हमीभाव मिळाला, तर.

बरे, ज्यांना परवडत होते ते तरी टिकले का? पहिल्या वर्षी प्रेक्षक सुमारे ९५ हजार. दुसऱ्या वर्षी सुमारे ६५ हजार. नव्याची नवलाई नऊ दिवस असते म्हणतात. दिल्लीकरांनी ती एका रविवारात उरकली.

पहिल्या वर्षीच्या पहिल्याच सरावात ट्रॅकवर एक भटका कुत्रा शिरला आणि सराव अडला. साऱ्या जगाने आपल्याला हसून घेतले. मला मात्र त्या कुत्र्याचे कौतुक वाटते. पास नाही, ओळख नाही, मंत्र्याची चिठ्ठी नाही, तरी आत जायची इतकी ओढ! पुढच्या दोन वर्षांत अशी ओढ दोन पायांवर दिसली असती, तर आयोजकांनी हार घातले असते.

त्या पहिल्या शर्यतीच्या दिवशीचा समूहफोटो आज काढून पाहा. झेंडा फडकवायला सचिन. विजेत्या वेटेलला चषक द्यायला मुख्यमंत्री मायावती. आपला म्हणवणारा संघ फोर्स इंडिया, त्याचे मालक विजय मल्ल्या, आणि काही दिवस आधीच त्यात पैसा ओतून नाव चिकटवलेला सहारा. सर्किट बांधणारा जेपी समूह.

आता हजेरी घेऊ. मायावती सत्तेबाहेर. मल्ल्या लंडनात. सहाराचे मालक तिहारला राहून आले आणि २०२३ मध्ये गेले. फोर्स इंडिया २०१८ मध्ये प्रशासकाच्या ताब्यात. जेपीची मुख्य कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सचिन तेवढा ठणठणीत.

आणि आपण विचारतो, शर्यत का टिकली नाही!

कारण विचारायचेच असेल तर सरकारला विचारा. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २००९ मध्येच सांगून टाकले होते की हा खेळ नव्हे, ही करमणूक. करमणूक म्हटली की करमणूक कर आला. गाड्या आणि टायर परदेशातून आणायचे म्हटले की सीमाशुल्क आले. पहिल्या शर्यतीच्या तोंडावर सर्वोच्च न्यायालयाने तिकीटविक्रीतली पंचवीस टक्के रक्कम वेगळी काढून ठेवायला लावली. गाड्या ताशी तीनशेने धावत होत्या, फायली त्यांच्या नेहमीच्या वेगाने.

करार पाच वर्षांचा होता. शर्यती झाल्या तीन. २०१४ साठी सांगितले, वेळापत्रकात बसत नाही, पुढच्या वर्षी पाहू. वऱ्हाडी माणसाला यापुढचे समजावून सांगावे लागत नाही. विकासाच्या अनुशेषाच्या बाबतीत आम्ही हे वाक्य तोंडपाठ केले आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की फॉर्म्युला वनच्या परदेशी कंपनीचे बुद्ध सर्किटवर कायमस्वरूपी ठाणे होते, सबब तिने इथे कर भरावा. शर्यत जाऊन तेव्हा साडेतीन वर्षे झाली होती. ती कायमची होती, हे ती कायमची गेल्यावर ठरले.

आता जरा आमच्या शिवारात या.

त्याच २०११ सालच्या जुलैत केंद्र सरकारच्या एका अधिसूचनेने बैलाला वाघ, सिंह, अस्वलांच्या पंगतीत नेऊन बसवले. म्हणजे त्याला खेळासाठी शिकवायचे नाही, लोकांपुढे पळवायचे नाही. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आठशे घोड्यांच्या ताकदीची गाडी लोकांपुढे पळवायला रेड कार्पेट. दोन बैलांची ताकद देशाला झेपली नाही.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि आमचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, बंद पडला. धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा पट ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना सांगून उपयोग नाही. धुरकरी छकड्यावर बसतो न बसतो तोच जोडी सुटलेली असते. निकाल सेकंदाच्या तुकड्यावर. गावातल्या ज्या माणसाला स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही, त्याला पंचवीस वर्षांपूर्वी कोणत्या जोडीने कोणाची जिरवली ते बैलांच्या नावांसकट आठवते.

हा चाहता. लाल टोपी लागत नाही त्याला.

पट गेला तेव्हा तो हळहळत बसला नाही. मोर्चे निघाले, निवेदने गेली, पुढाऱ्यांची झोप उडवली गेली. २०१७ मध्ये विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. सत्ताधारी आणि विरोधक एका सुरात बोलले. असे एरवी आमदारांच्या पगारवाढीलाच होते. उच्च न्यायालयाने शर्यतींना अडवले तर प्रकरण दिल्लीला गेले. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने शिक्कामोर्तब केले.

गाडी गेली तेव्हा कोणत्या सभागृहात कोणी बाक वाजवला?

फरक साधा आहे. बैलाच्या चाहत्याला मत होते, तो ते देत होता. गाडीच्या चाहत्यालाही मत होते, तो ते मांडत होता.

आता कुणी म्हणेल, लेखकमहाशय बैलवाले दिसतात. थांबा. बंदी काही आकाशातून पडली नव्हती. शेपट्या पिरगाळणे, चावणे, आर टोचणे, बैल फेसाळला तरी हाकणे, हे चाहत्यांच्याच डोळ्यांदेखत चालायचे आणि चाहते शिट्ट्या वाजवायचे. दुरुस्त कायद्यात छळ केला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. वाचून बरे वाटते. गर्दीत उभे राहिले की कायद्याची पाने कुठे फडफडताना दिसत नाहीत.

शिवाय पटाची जोडी शेतात जुंपत नाहीत. शेतात ट्रॅक्टर असतो. पटाच्या जाहिरातीवर बक्षीस काय, तर मोटारसायकल. शेतकऱ्याच्या संस्कृतीचे रक्षण पेट्रोलवर चालते, एवढेच सुचवायचे होते.

तर गाडीची शर्यत गेल्याचे दुःख वऱ्हाडात नेमके कधी सुरू झाले? २०१३ मध्ये नाही. तेव्हा पानठेल्यावर चर्चा एकच, सचिनची शेवटची कसोटी. हे दुःख सुरू झाले २०१९ नंतर, नेटफ्लिक्सवर फॉर्म्युला वनची मालिका आल्यावर. मग लॉकडाउन. घरी बसलेल्या पोरांनी एका दमात सगळे भाग पाहिले आणि टायर कधी बदलायचे यावर काका लोकांशी वाद घालू लागली. ज्यांच्या घरच्या स्कूटीचा टायर गुळगुळीत होऊन दोन वर्षे झाली होती, ती.

म्हणजे शर्यत होती तेव्हा चाहता नव्हता आणि चाहता झाला तेव्हा शर्यत नव्हती. यालाच विरह म्हणायची पद्धत आहे.

जगात हे दुःख कुणाला चुकले आहे? शूमाखर आणि वेटेल जर्मनीचे, दोघांची मिळून अकरा विश्वविजेतेपदे. त्या जर्मनीत २०२० नंतर एकही शर्यत नाही. नेदरलँड्समध्ये व्हर्स्टापेनसाठी सगळा देश नारिंगी होतो, तिकिटे हातोहात जातात. तरी झांडफोर्टच्या आयोजकांनी स्वतःच जाहीर केले की २०२६ ची शर्यत शेवटची, सरकारी पैसा नाही, जोखीम फार. भरल्या ताटावरून उठणे म्हणतात ते हे. आपण ताट मांडण्याआधीच वाढप्याशी भांडलो.

पण वऱ्हाडाला वेगाचे वावडे आहे असे कुणी समजू नये. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. सातशेवर माणसे राबली. गिनीज बुकात नोंद झाली. गडकरींनी अभिमानाने फोटो टाकले. त्याआधी हाच रस्ता कित्येक वर्षे खड्ड्यांसह रखडलेला होता, ती नोंद गिनीज घेत नाही.

आधीचा विक्रम कोणाचा होता ठाऊक आहे? कतारचा. दोह्यात त्यांना पंचवीस किलोमीटरसाठी दहा दिवस लागले होते.

त्याच कतारात आज फॉर्म्युला वनची शर्यत होते. विक्रम आमच्याकडे, शर्यत त्यांच्याकडे. ‘भौ, आपल्याले फक्त रोड देते, गाडी कोनी देत नाई,’ असे एका अकोलेकराने ऐकवले ते काही खोटे नाही.

अर्थात गाडीची वाट कोण पाहतो! रस्ता गुळगुळीत होताच हौशींनी आपापल्या शर्यती सुरू केल्या. समृद्धी महामार्गावर वेगाची मर्यादा ताशी १२० आहे, हे अनेकांना चलान आल्यावर कळते आणि काहींना तेही कळायची सवड मिळत नाही. सायलेन्सर काढलेली बुलेट रात्री साडेअकराला वस्तीतून नेणारा जो वीर आहे, त्याला विचारा, तोही फॉर्म्युला वनचा चाहताच निघेल. शर्यत गेल्याचे दुःख तो असे आम्हा सगळ्यांना वाटून देतो.

मधल्या काळात देशाने दोनदा पुन्हा नशीब अजमावले. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादेत विजेच्या गाड्यांची शर्यत, सप्टेंबरात बुद्ध सर्किटवर मोटोजीपी. दोन्हींचे दणक्यात स्वागत झाले. पुढच्या वर्षी दोन्ही नाहीत. हैदराबादेत तर सरकार बदलले, नव्यांनी शर्यतीतून अंग काढले आणि २०२४ च्या डिसेंबरात शर्यतीच्या पैशांवरून आधीच्या मंत्र्यांवर, के. टी. रामाराव यांच्यावर गुन्हा दाखल झाला. शर्यत एका दुपारची, तपास मात्र ऐसपैस.

आणि चाहते? दोन दिवस चिडले. तिसऱ्या दिवशी क्रिकेट होते.

तरीही ‘शर्यत परत आणू’ ही घोषणा मधूनमधून होतेच. आणा की. आमची काही हरकत नाही. फक्त आणण्यापूर्वी एकदा वऱ्हाडातला पट येऊन पाहा, म्हणजे या देशात शर्यत टिकवायला काय लागते ते कळेल. आता पटांना नेत्यांच्या नावाचे चषक आहेत. मंडप आहे, सोफा आहे, फ्लेक्सवर बैल अंगठ्याएवढा आणि भाऊ पुरुषभर. दहाची वेळ दिलेली असते, भाऊ साडेबाराला येतात. मग शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, ‘दोन शब्द’ आणि त्या दोन शब्दांवर आणखी चौघांचे दोन-दोन शब्द. जोड्या उन्हात उभ्या. धुरकरी घाम पुसतो. कुणाची तक्रार नाही.

फॉर्म्युला वनमध्ये दिलेल्या वेळेला दिवे विझतात आणि गाड्या सुटतात. कोणासाठी थांबत नाहीत. नारळ नाही, स्वागतगीत नाही, आभारप्रदर्शन नाही.

क्रीडा मंत्रालयाने तिला खेळ म्हणायला नकार दिला, तो उगाच नाही.