पेल्याचा बंदोबस्त

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी, बसस्थानकाच्या दाराशी, तेथील सेवाभावी क्लबाने यंदाच्या उन्हाळ्यात जी पाणपोई उघडली, तिच्या उद्घाटनास आलेले मान्यवर, त्यांच्या गळ्यांतील हार, फीत कापणारी कातर आणि ती कातर ज्या मखमली तबकातून आली ते तबक, यांची वार्ता छायाचित्रांसह यथास्थित प्रसिद्ध झाली असल्यामुळे तिची पुनरुक्ती करण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. आम्हांस लिहावयाचे आहे ते त्या छायाचित्राच्या कोपऱ्यात अर्धवट आलेल्या पेल्याविषयी. पेला स्टीलचा आहे. त्याच्या काठाला भोक पाडलेले आहे. भोकातून लोखंडी साखळी ओवलेली आहे. आणि साखळीचे दुसरे टोक रांजणाच्या तिवईला कुलूप घालून जखडलेले आहे.

या उपक्रमासाठी निधी कसा उभा राहिला, ते क्लबाच्या छापील अहवालावरून कळते. प्रथम तृषार्तांच्या कल्याणार्थ संगीतरजनी झाली. तिच्या प्रवेशिका ज्यांनी खपविल्या त्यांचा, ज्यांनी घेतल्या त्यांचा, आणि घेऊनही न येण्याची ज्यांनी कृपा केली त्यांचा गौरव करण्यासाठी स्नेहभोजन झाले. स्नेहभोजनात आलेली तूट भरून काढण्यासाठी लकी ड्रॉ झाला. आणि लकी ड्रॉचे पहिले बक्षीस कोषाध्यक्षांच्याच मेहुण्याला लागल्यामुळे जो गैरसमज पसरला, तो दूर करण्यासाठी पुन्हा एक अल्पोपाहार झाला. जमाखर्चाच्या फर्दीत मंडप, ध्वनिक्षेपक, शाली, श्रीफळे, स्मृतिचिन्हे आणि फ्लेक्स या बाबी रकमेच्या उतरत्या क्रमाने दिल्या असून अगदी तळाशी ‘पाणी’ ही बाब आहे व तिच्यासमोर ‘विनामूल्य प्राप्त’ असा शेरा आहे. साखळी व कुलूप यांना मात्र ‘सुरक्षा व्यवस्था’ असा स्वतंत्र मथळा लाभला आहे. खामगावच्या चांदीच्या बाजारातून ही साखळी मागविण्याचे क्लबाला सुचले नाही, ही त्यातल्या त्यात काटकसरच म्हणावयाची.

साखळी हातभरही लांब नाही. परिणामी मध्यम उंचीच्या मनुष्यास पाणी पिण्यासाठी कमरेत वाकावे लागते, उंच मनुष्यास जवळजवळ साष्टांग नमस्काराच्या पूर्वतयारीत यावे लागते, आणि लहान मुलास पेला मिळतो पण पाणी मिळत नाही, कारण त्याची आई त्याला उचलू लागली की साखळी संपते. रांजणाच्या बरोबर मागे माजी, आजी व नियोजित अध्यक्षांच्या प्रतिमांचा भव्य फलक असल्यामुळे या वाकण्याला छायाचित्रात जो भक्तिभाव प्राप्त होतो, तो योगायोगाने प्राप्त होतो असे मानण्याइतके आमचे मन उदार आहे. डोक्यावर गाठोडे घेतलेली एक म्हातारी तेथे आली, तिने गाठोडे उतरविले, पेला ओढून पाहिला, तो परत गेला, पुन्हा ओढला, पुन्हा गेला, तेव्हा शेजारच्या चहावाल्याकडे वळून तिने विचारले, “काहून बांधलं बाप्पा ह्याले? मारका हाय का थो?”

म्हातारीच्या पृच्छेला क्लबाच्या दफ्तरी उत्तर आहे. पेले चोरीस जातात. असतील जात. परंतु ज्या समाजाची सेवा करण्याची शपथ दरवर्षी पदग्रहण सोहळ्यात उजवा हात पुढे करून घेतली जाते, तो समाज पेलाचोर आहे ही खात्री शपथेपूर्वी झाली होती की शपथेनंतर, एवढे तरी अहवालात यावयास हवे होते. शिवाय बंदोबस्तच करावयाचा तर तो जेथे निकड आहे तेथे व्हावा. प्रास्ताविक करणाऱ्या सचिवांना एकदा ध्वनिक्षेपक सापडला की ते क्लबाच्या स्थापनेपासून प्रारंभ करून स्वतःच्या विदेश दौऱ्यापर्यंत पोहोचतात व मंडपाबाहेर उभ्या असलेल्या, पाण्यासाठीच आणविलेल्या शाळकरी मुलांना उन्हात घेरी येऊ लागते. तेथे हातभर साखळी असती तर तिचा उपयोग झाला असता. व्यासपीठावरील खुर्च्या, ज्या नावे पुकारली जातील तशा वाढत जाऊन शेवटी श्रोत्यांच्या संख्येशी स्पर्धा करू लागतात, त्यांनाही साखळी चालली असती. आणि फ्लेक्सला तर ती अवश्य हवी होती, कारण खरी चोरी होते ती फ्लेक्सची: मृगाचा पाऊस तोंडावर आला की कोणीतरी गरजू तो रातोरात उतरवून नेतो, गळक्या गोठ्यावर अंथरतो, आणि चारही महिने माजी, आजी व नियोजित अध्यक्ष उताणे पडून एका गरिबाची जनावरे कोरडी ठेवतात. क्लबाच्या इतिहासातील ही एकच सेवा आम्हांस निर्विवाद वाटते. तिची नोंद अहवालात नाही.

पाणपोई ही काही कालची कल्पना नव्हे. वापी, कूप, तडाग आणि प्रपा ही पूर्तकर्मे धर्मशास्त्राने केव्हाच सांगून ठेवली, आणि देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिन्तामणी’ रचताना दानासाठी एक अखंड खंड वेगळा काढला. आमच्या समजुतीप्रमाणे त्यात कुलुपाचा विधी नसावा. सिंदखेडराजा येथील पुतळा बारवेच्या पायऱ्या आजही सरळ खाली उतरतात, त्यांना कोठे कडी वा साखळी नाही, असे मोठ्या अभिमानाने लिहावे म्हणून लेखणी उचलली, आणि ती तेथेच थांबली. साखळी नव्हती याचे कारण जुन्या काळी साखळीची गरज नव्हती; पाण्याला कोणी शिवावयाचे आणि कोणी नाही, याचा बंदोबस्त लोखंडाहून टिकाऊ धातूचा होता, आणि तो तोडण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांना ओंजळभर पाणी पिण्याकरिता चालत जावे लागले. ज्या प्रदेशाच्या स्मरणात ही ओंजळ आहे, तेथे तहानलेल्याच्या हाती बेडी घातलेला पेला देणाऱ्याने आपली प्रतिमा इतक्या मोठ्या फलकावर लावू नये.

येथे विनोद संपवितो, कारण आम्हांस राग आलेला आहे. आमच्या या जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांना जाते: बुलढाण्याजवळच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगा वर्धा-गोदावरीच्या वाटेने पूर्वसमुद्राला, आणि घाटाखालची पूर्णा तापीच्या सोबतीने पश्चिमसमुद्राला. मध्ये राहते ती तहान. पूर्णेच्या खोऱ्यात जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या बाजूला खारपाणपट्टा आहे. तेथे विहीर खणली की पाणी लागते आणि ते तोंडात धरवत नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या तेच पिऊन माणसांची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत. त्या पट्ट्यातून तालुक्याला दवाखान्यात आलेला मनुष्य बसमधून उतरतो, गोडे पाणी पाहून धावतो, आणि त्याच्यावर पेलाचोरीचा आगाऊ संशय घेतला जातो. त्याच्या गावाला शुद्धीकरणाचे यंत्र हवे आहे, आणि यंत्रापेक्षाही ते बंद पडल्यावर दुरुस्त करणारा मनुष्य हवा आहे. परंतु यंत्राची दुरुस्ती करताना फीत कापता येत नाही. नव्या यंत्राला फीत असते, दुरुस्त झालेल्या यंत्राला नसते. आणि आमच्या जिल्ह्यातील किती गावांची तहान या एका तांत्रिक अडचणीमुळे अडून राहिली असेल, याचा पंचनामा कोणत्याही सेवा सप्ताहात झालेला नाही.

आणखी एक बाब. उद्घाटनाचा दिवस मावळल्यावर रांजण कोण भरतो? क्लबाचे सभासद भरीत नाहीत. त्यांची सेवा पाण्याशी नसून पाणपोईशी आहे. रांजण भरतो बसस्थानकावरचा एक हमाल. पहाटेची गाडी लागण्यापूर्वी तो नळावरून कळशा आणतो, फडके पिळून रांजणावर घालतो आणि ओझ्यांकडे वळतो. त्याला कोणी सांगितले नाही, त्याला कोणी काही देत नाही, आणि तो कोणत्याही फलकावर नाही. गेल्या महिन्यात त्याने एक पदरचा पेला आणून रांजणावर मोकळा ठेवला. तो अद्याप तेथेच आहे. त्यावर दोन पोचे आले आहेत एवढेच. क्लबाच्या देखरेख समितीने मात्र या बेवारस पेल्याची गंभीर दखल घेऊन, त्यामुळे अधिकृत पेल्याच्या वापरात घट झाल्याचा ठपका हमालावर ठेवला आहे.

साखळीविषयीच्या तक्रारी समितीपुढे गेल्या होत्या, हे येथे न सांगणे अन्यायाचे होईल. समितीने साधकबाधक विचार करून साखळी आणखी हातभर वाढविण्याची शिफारस केली, कार्यकारिणीने ती एकमताने मंजूर केली, त्यासाठी देणगीदार पुढे आला, आणि वाढीव साखळीच्या लोकार्पणाची सोनेरी किनारीची निमंत्रणपत्रिका कालच आमच्या हाती पडली. सोहळा भर दुपारी आहे. पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत विनंती आहे की, उन्हाची तीव्रता लक्षात घेता उपस्थितांनी पिण्याचे पाणी आपापले सोबत आणावे.