मुहूर्त एप्रिलचा, शाळा जूनची

तारीख म्हणजे काय चीज असते, हे कोल्हापूरजवळच्या उचगावात शेंबड्या पोरालाही कळतं. गाळप हंगामाची तारीख मुंबईत ठरते. मग जयसिंगपूरला ऊस परिषद होते. मग दर ठरतो, किंवा ठरत नाही. मग कधीतरी धुराडं पेटतं. तारीख जाहीर झाली म्हणजे कारखाना सुरू झाला, असं मानणारा माणूस एक तर परगावचा, नाही तर मंत्री.

त्यामुळे शाळेच्या कॉम्प्युटरला चालणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम वर्षातून दोनदा, ठरलेल्या महिन्यात नवी होऊन येते, असं सांगितलं की इथला माणूस आधी हसतो. मग विचारतो, "दर काय?"

दर नाही. फुकट आहे.

मग तर त्याचा संशय पक्काच होतो.

पण येते खरी. उबुंटू तिचं नाव. पहिली आवृत्ती 2004 च्या ऑक्टोबरात आली, नंबर 4.10. म्हणजे साल आणि महिना कपाळावरच गोंदलेला, लपवायला जागाच नाही. आपल्याकडे रस्त्यांची नावं अशी मुदतीवरून ठेवायची ठरवली, तर सातारा-कागल सहापदरीकरणाचं आतापर्यंत किती वेळा बारसं झालं असतं?

शिस्त कौतुकाची. महिने मात्र बघा. एप्रिल आणि ऑक्टोबर. एप्रिलात वार्षिक परीक्षा. ऑक्टोबरात सहामाही, आणि तिच्या शेपटाला दिवाळीची सुट्टी. शाळेत कॉम्प्युटरकडे कुणी ढुंकूनही बघत नाही असे दोन महिने शोधा म्हटलं असतं, तर हेच सापडले असते.

एकदा मात्र गाडी घसरली. 2006 साली एप्रिलची आवृत्ती कच्ची राहिली म्हणून सहा आठवडे पुढे ढकलली. आली 1 जूनला, नंबर पडला 6.06.

आमच्या शाळांच्या दृष्टीने तेवढी एकच वेळेवर आली.

गांधीनगरची कापडपेठ उचगावला खेटून आहे. तिथल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, गणवेशाचं कापड कधी उतरवायचं? शाळा उघडायच्या आत. त्याने ना सॉफ्टवेअरचा कोर्स केलाय, ना भिंतीवर रंगीत तक्ते लावलेत. गल्ल्यावर बसलं की त्याला जून दिसतो.

सरकारला दिसत नाही. 2024 मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' लागू झाला. स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन झालं तरी कित्येक पोरं जुन्याच चड्डीत. डिसेंबरात निर्णय फिरला, गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांच्या गळ्यात. जिथे चड्डीचीच आवृत्ती वेळेवर निघत नाही, तिथे ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव कुणी काढावं?

तरी महाराष्ट्राने हा खेळ खेळून बघितलाय. 2007 साली, रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराटमध्ये. वीसेक मुलं, एक गुरुजी आणि प्रत्येक मुलाला हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप. त्यातल्या सॉफ्टवेअरचं नाव शुगर.

हसू नका. खरंच शुगर.

आणि शुगरच्या खाली फेडोरा नावाची ऑपरेटिंग सिस्टीम. फेडोराच्या एका आवृत्तीची देखभाल साधारण तेरा महिने चालते, पुढे ज्याचं त्याने बघावं. तिसरीत बसवलेली सिस्टीम पोरगं चौथीत जाईपर्यंत पोरकी. एकशिक्षकी शाळेत मुख्याध्यापकही गुरुजी, कारकूनही गुरुजी, खिचडीच्या तांदळाचा हिशेबही गुरुजींकडे. आता दर तेरा महिन्यांनी लॅपटॉपही त्यांनीच धुऊन वाळत घालायचे?

आपलं सरकारी बॉस लिनक्सही आहे. सी-डॅकचं, म्हणजे मुख्यालय पुण्यात. ते उभं डेबियन नावाच्या सिस्टीमवर, आणि डेबियनवाल्यांचं जुनं धोरण असं की तयार झाली की येईल. 2002 नंतरची त्यांची पुढची आवृत्ती आली 2005 ला. तक्रार नाही. पण नावच बॉस. बॉसला कुणी विचारतं का, कधी येणार म्हणून?

मग जमलं कुणाला? केरळला. तिथल्या शाळांनी एप्रिल 2018 ची उबुंटू घेतली. ती देखभालीची पाच वर्षांची हमी असलेली. पण आली तशी शाळेवर लोटली नाही. वर्षभर ठोकून बघितली, मल्याळम बसवलं, पाठ्यपुस्तकांना लागणारी साधनं भरली आणि 2019 च्या मे महिन्यात जाहीर केली. शाळेची घंटा व्हायच्या आत. दोन लाखांवर कॉम्प्युटर, आणि 3000 कोटी वाचले म्हणतात. वाचलेले पैसे कुणी डोळ्यांनी बघितलेत, हा प्रश्न वेगळा. पण मे म्हणजे मे.

म्हणजे युक्ती काय, तर वर्षभर शिळी भाकरी. ताज्याच्या मागे धावायचं नाही, जूनकडे बघून उलटं मोजत यायचं. गांधीनगरचा दुकानदार दुसरं काय करतो?

केरळात उतरलेला पाऊस आठवड्या-दीड आठवड्यात कोल्हापुरात पोचतो. ही युक्ती पोचायला कुठला घाट आडवा आला?

उलट आमच्याकडे कॉम्प्युटरचं वेळापत्रक ठेक्यावर चालतं. ठेका सुरू, खोलीला रंग. ठेका संपला, खोलीला कुलूप. आतल्या सिस्टीमची आवृत्ती कुठली, हे बहुधा पालीलाच माहीत. 2014 च्या एप्रिलात विंडोज एक्सपीचा आधार सुटला, तेव्हा जगभर बोंब झाली होती. आमच्या कितीतरी खोल्यांत शांतता होती. कुलपाआडच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागतो कधी?

परवा उचगावातल्या एका शाळेत डोकावलो. कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप. शिपाईमामा पायरीवर बसलेले.

"मामा, किल्ली?"

"बाईंकडं हाय."

"आणि बाई?"

"मतदार यादीच्या कामाला गेल्यात."

"येणार कधी?"

मामांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली. "तारीख दिलीया न्हवं!"