घरबसल्या गवळी राजा: ऐतिहासिक कादंबरीचे पहिले धडे

इंग्रजांकडे आर्थर आहे. बाराव्या शतकात मॉन्मथच्या जेफ्रीने त्याची कथा रंगवली, जादूगारासकट. विसाव्या शतकात रोझमेरी सटक्लिफ आणि बर्नार्ड कॉर्नवेल यांनी त्याला रोमन फौजा निघून गेल्यानंतरच्या चिखलात उभं केलं आणि वाचक म्हणाले, हं, हे खरं! दोंडाईचात बसून तुम्हालाही जमेल. खानदेशात गवळी राजा आहेच.

१. शतक निवडा. तिसरं घ्या. तिकडे रोम डळमळतंय, इकडे सातवाहन आटोपलेत आणि आभीर, म्हणजे अहिर, आपला गवळी राजा ईश्वरसेन गादीवर आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याच्या कारकिर्दीच्या ९व्या वर्षाचा लेख आहे. तो मुळातून वाचू नका, मन खट्टू होईल. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी तेल्यांच्या आणि इतर श्रेणींकडे पैसे ठेवले, एवढंच त्यात आहे. लढाई नाही. तलवार तुम्हीच पुरवा.

२. लढाई अशीरगडाहून आणा. गडाच्या आसा अहिराने नसीरखान फारुकीच्या बायकांना आसरा देऊ केला आणि फारुकीने डोल्यांतून बायकांऐवजी शिपाई पाठवून गड घेतला, असं फिरिश्ता सांगतो. गोष्ट फक्कड आहे, फक्त हजारेक वर्षं उशिराची. घाबरू नका. प्रकरणाच्या शेवटी तीन फुल्या टाका. तीन फुल्यांत हजार वर्षं आरामात मावतात.

३. चमत्कार काढून टाका. देवीने दृष्टान्त द्यायचा असेल, तर नायकाला आदल्या रात्री ताप आणा. हे झालं संशोधन.

४. आता जेवण. इथे भलेभले गारद होतात. मिरची बाजाराच्या गावात बसून लिहिताना हात आपोआप ठेच्याकडे जातो. आवरा! मिरची पोर्तुगिजांबरोबर आली, सोळाव्या शतकात. भुईमूग, बटाटा, टोमॅटो हेही अमेरिकेचेच. म्हणजे शेवभाजीचा लाल रस्सा गेला, शेंगदाण्याचं कूटही गेलं. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजा, वर मिरी कुटा, सोबत ज्वारीची भाकरी. भरीत फिकं दिसेल. नायक वनवासात आहे असं लिहा, वाचक समजून घेतील.

५. घोडा द्या, अख्खं पाऊल मावणारी लोखंडी रिकीब देऊ नका; ती अजून आपल्याकडे पोचायचीय. मुखपृष्ठावर चित्रकार काढणारच. त्याच्याशी भांडू नका, बिचाऱ्याला मानधन अजून मिळालेलं नाही.

६. लेख प्राकृतात असला तरी राजाला संस्कृताळलेलं मराठी बोलायला लावा. ‘काय करी ऱ्हायना?’ असं विचारणारा राजा तीन खंड चालत नाही. अहिराणी विनोदी सेवकाला द्या. अहिरांच्या राजावरच्या कादंबरीत अहिराणी चाकराच्या तोंडी, हे कुणाच्याही लक्षात येत नाही.

७. प्रकाशनानंतर चार-पाच समाज राजावर हक्क सांगतील. कुणालाही नाही म्हणू नका. प्रत्येक ठिकाणी शाल-श्रीफळ घ्या आणि ‘दुसऱ्या खंडात सविस्तर येतंय’ म्हणा. एकच काळजी घ्या: लेखात राजाला माढरीपुत्र म्हटलंय, तेव्हा आईचं गोत्र बदलता येणार नाही. आजीबद्दल मात्र लेख गप्प आहे.