गर्दीतल्या धाकट्या भावास

प्रति,
गर्दीतील एक गृहस्थ,
लूकचे शुभवर्तमान, अध्याय 12, वचन 13

सप्रेम नमस्कार, वि. वि.

लूकने तुमचं नाव लिहून ठेवलं नाही, म्हणून नुसतं 'गृहस्थ' म्हणतो. जक्कयचं नाव त्याने लिहिलं, श्रीमंताच्या दारात पडलेल्या लाजराचंही लिहिलं, तुमचं तेवढं गाळलं. बरंच झालं. रकाना रिकामा असला की कुणाचंही नाव भरता येतं, आणि आमच्या वसईत तर एकाच धर्मग्रामात वही भरेल. तुम्ही धाकटे असाल असा माझा अंदाज. इस्टेट अडवून बसतो तो थोरला, हा रिवाज तुमच्या काळीही असणारच.

तुमच्या धैर्याचं मला कौतुक वाटतं. हजारोंची गर्दी, लोक एकमेकांना तुडवतायत, आणि येशू मरणाच्या गोष्टी बोलतोय. देहाला मारणाऱ्यांना भिऊ नका, तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत, उद्या अधिकाऱ्यांपुढे उभं केलं तर काय बोलावं याची चिंता करू नका. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असं ते बोलणं. त्यात तुम्ही मध्येच हात वर केलात आणि म्हणालात की गुरुजी, माझ्या भावाला वाटणी करायला सांगा.

आम्हाला हे धाडस होत नाही. मी पुढून तिसऱ्या बाकावर बसतो. बाकाला वडिलांच्या स्मरणार्थ पितळी पाटी आहे, ती मीच बसवली. माझं नाव खाली, जरा लहान अक्षरांत, पण वाचता येईल इतपत. फादरांचं प्रवचन रंगात आलेलं असतं, माझी नजर वेदीवर आणि मन एफएसआयवर. तुम्ही निदान मोठ्याने बोललात.

शिवाय तुमची मागणी गैर नव्हती. धर्मशास्त्र जाणणाऱ्याकडे असले तंटे न्यावेत, ही तेव्हाची रीतच. अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायाप्रमाणे थोरल्याला दुप्पट, म्हणजे दोनच भाऊ असाल तर तीन वाटे करून एक तुमचा. कागद तुमच्या बाजूने, न्याय तुमच्या बाजूने. तरी येशूने हात झटकले. मला तुमचा न्यायाधीश कुणी नेमलं, असं काहीसं म्हणाला आणि वळून सगळ्या गर्दीलाच लोभापासून सांभाळायला सांगितलं. आता, भाऊ तुमचा हिस्सा दाबून बसलेला, आणि लोभाचं प्रवचन ऐकायचं तुम्ही! वकील म्हणून माणूस फार उपयोगाचा नाही, हे तुमच्या तेव्हाच लक्षात आलं असेल.

आणि मग ती कोठारवाल्या शेटची गोष्ट. मला त्या शेटवर अन्याय झाल्यासारखं वाटतं. जमिनीला भरघोस पीक आलं, यात त्याचा काय गुन्हा? त्याने कुणाचं शेत बळकावलं नाही, मजुरी बुडवली नाही, मापात मारलं नाही. जुनी कोठारं पाडून मोठी बांधावीत आणि पुढची वर्षं निवांत खावं-प्यावं, एवढाच बेत. आमच्याकडे अशा माणसाला पतपेढीचा अध्यक्ष करतात. त्याला मात्र देवाने सरळ मूर्ख म्हटलं, आणि तेही त्याच रात्री. एक गोष्ट तेवढी मलाही खटकते. तो सगळं स्वतःशीच बोलतो. बायकोला विचारत नाही, भावाबहिणींना विचारत नाही. कोठारं पाडायची तर सहहिस्सेदारांची संमती लागते. ती त्याने कधी घेतली, कशी घेतली, दृष्टान्तात अवाक्षर नाही.

मी घेतली होती, रीतसर.

आमची वाडी साडेअठरा गुंठे. केळी, पानवेल, विहीर, विहिरीवर बंद पडलेला रहाट. आई आधीच गेलेली, वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे मी आणि दोन बहिणी. आम्हा ख्रिस्ती लोकांना 1925चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. विधवा मागे असेल तर एक तृतीयांश तिचा आणि उरलेलं मुलांना समान. विधवा नसेल तर सगळंच मुलांत समान. म्हणजे मला तिसरा हिस्सा. गंमत बघा, मोशेच्या नियमाने तुम्हाला जेवढा, तेवढाच मला. तुम्ही तो मिळावा म्हणून गर्दीत शिरलात, आणि मला तो तेवढाच मिळणार म्हणून झोप लागेना.

मग हक्कसोडपत्र केलं. दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर काम झालं. वकिलाचा मसुदा सुरेख असतो: 'स्वखुशीने, कोणत्याही दबावाविना, विनामोबदला'. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पंखा गरगरत होता, गर्दी तुमच्यासारखीच. धाकटीचा अंगठा यंत्रावर उमटेना. आयुष्यभर भाजीच्या टोपल्या उचलून रेषा झिजलेल्या. ती पदराला बोट पुसून पुन्हा पुन्हा दाबत होती आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसत होती, जणू तिच्यामुळे माझा खोळंबा होतोय. थोरलीने विचारलं, "कुठे सही करू, दादा?" मी बोट ठेवून दाखवलं. नंतर दोघींना चांगल्या हॉटेलात जेवू घातलं, एकेक साडी दिली. साड्यांची पावती फाइलला लावून ठेवली आहे.

आता यात लोभ कुठे आला? मी शोधला, सापडला नाही. तरतूद सापडली, मुलाबाळांची काळजी सापडली, 'वडिलांची जमीन एकत्र राहावी' ही तळमळ सापडली. वाडी अखंड राहिली आणि अखंडच बिल्डरला दिली. तुकड्यांना भाव येत नाही.

केरळात मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. तिथे त्रावणकोरच्या 1916च्या कायद्याने मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा 5,000 रुपये, यांत जे कमी असेल ते मिळायचं. 1986 साली त्या जिंकल्या. आम्ही वसईकरांनी ती बातमी अभिमानाने वाचली. आमच्याकडे असलं काही नाही, म्हणालो. खरंच नाही. तिकडच्या बहिणींच्या आड कायदा आला, इकडच्या बहिणींच्या आड माया येते, आणि मायेविरुद्ध अपील करता येत नाही.

तुम्ही म्हणाल, इतकं सगळं स्वच्छ आहे तर पत्र कशाला? सांगतो. मी दर प्रायश्चित्तकाळात कन्फेशनला जातो. शुक्रवारी मांसमच्छी बंद असते. गुडघे टेकून सांगतो: रागावलो, खोटं बोललो, रविवारची मिस्सा चुकवली. जाळीपलीकडचे फादर ऐकून घेतात. आम्हा कॅथलिकांच्या मोजणीत दहावी आज्ञा शेजाऱ्याच्या मालमत्तेची हाव धरू नये अशी आहे. तिथे मी नेहमी क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. बहीण काही शेजारी नव्हे. ती दोन गावं पलीकडे, सासरी राहते. पौलाने कलस्सैकरांना लिहिताना लोभाला मूर्तिपूजेच्या पंगतीला बसवलंय, पण आमच्या घरात मूर्तीच्या जागी पवित्र हृदयाची तसबीर आहे, खाली विजेचा दिवा आहे. त्यामुळे तोही प्रश्न मिटला.

दानधर्मातही मी मागे नाही. हनन्याची गोष्ट तुम्हाला माहीत नसेल, ती तुमच्या नंतरची. त्याने जमीन विकली, थोडे पैसे मागे ठेवले आणि सगळेच दिले असा आव आणून प्रेषितांच्या पायाशी ठेवले. पेत्राने त्याला विचारलं की जमीन तुझीच होती, पैसेही तुझेच होते, मग ही लबाडी कशाला? आणि तो जागीच कोसळला. यावरून मी एक धडा घेतला. दिलेली रक्कम मी कधीच फुगवून सांगत नाही. फक्त मिळालेली सांगत नाही.

वसई हिरवी राहावी म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले, हरित वसईसाठी माणसं रस्त्यावर उतरली. त्या मोर्चांत माझ्या घोषणा जोरात होत्या. लोभी बिल्डर, लोभी पुढारी, लोभी टँकरवाले. लोभ्यांची यादी मला अजून तोंडपाठ आहे. पण बिल्डर जमिनी आकाशातून आणत नव्हता. प्रत्येक इमारतीखाली एक सातबारा आहे, आणि पुष्कळ सातबाऱ्यांवर आमचीच पोर्तुगीज आडनावं. हे मी कुठे बोलत नाही. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.

एक किरकोळ प्रसंग आहे, विषयाशी फारसा संबंध नाही. वाडीत जेसीबी यायच्या आधीचा मे महिना. धाकटी आली होती. विहिरीजवळच्या आंब्याखाली वाकून पडलेले आंबे पिशवीत भरत होती. हा आंबा वडिलांनी लावला तेव्हा खड्ड्यात पाणी तिने घातलं होतं. मी गच्चीवर उभा होतो. ती वाकायची, एक उचलायची, माती पुसायची. आणि माझ्या लक्षात आलं की मी मोजतोय. ओठ हलत होते. मी जपमाळ म्हणताना हलवतो तसे. ती वर बघेल म्हणून मी मागे सरलो. नंतर तिने पिशवीतले निम्मे आंबे माझ्याच ओट्यावर काढून ठेवले आणि गेली. ऊन फार होतं त्या दिवशी.

चौथ्या शतकात कप्पदुकियात दुष्काळ पडला, तेव्हा संत बासीलने तुमच्या या शेटवरच प्रवचन दिलं. पेटीत पडून राहिलेला अंगरखा हा उघड्या माणसाचा आहे, अशा अर्थाचं तो बोलला. मी हे वाचलं आणि कपाट उघडून दोन जुने सूट अनाथाश्रमाला पाठवले. सूट पाठवता येतात. अंगरख्यावर कुणाची जुनी सही नसते.

मला खरी भीती वाटते ती जक्कयची. त्याने ना मुदत मागितली, ना वकील आणला. भर घरात उभा राहिला आणि म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. चौपट! बाजारभावाने की सरकारी दराने, हेसुद्धा ठरवलं नाही. त्याच्या बायकोचं त्यावर काय म्हणणं पडलं, लूक लिहीत नाही.

तुमच्या भावाबद्दलही तो लिहीत नाही. पण 'भावाला सांगा' म्हणालात त्या अर्थी तो जवळपासच असावा, दोन माणसं सोडून. तुम्ही तोंड उघडलंत तेव्हा त्याच्या छातीत धस्स झालं असेल. येशूने निवाडा नाकारला तेव्हा हायसं वाटलं असेल. तुमच्यावर शेकलं म्हणून मिशीत हसलाही असेल. मग शेटची गोष्ट सुरू झाली, आणि तुमच्याकडे बघणारे लोक हळूहळू त्याच्याकडे बघू लागले असतील. त्याने तेव्हा काय केलं, एवढंच मला तुमच्याकडून जाणून घ्यायचं होतं. बाकी सगळी प्रस्तावना.

यंदाच्या राखेच्या बुधवारी फादरांशी सविस्तर बोलायचं मनात होतं. पण इमारतीला अजून ओसी मिळालेली नाही. ती मिळाली, फ्लॅटांचा ताबा आला, करांचं मिटलं, की निवांत बसून बोलेन. घाई करून चालत नाही.

घरच्यांना नमस्कार सांगावा. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला,
दुसऱ्या बाजूचा एक थोरला भाऊ

ता. क. तुमच्या वाटणीचं अजून भिजत पडलं असेल तर कळवा. हक्कसोडपत्राचा मसुदा माझ्याकडे तयार आहे, फक्त नावं बदलायची.